वाण कोणाचे, वाटा कोणाला?

या विषयाचे सरकारी नाव मोठे भारदस्त आहे. ‘जैविक संसाधनांची उपलब्धता आणि त्यांपासून होणाऱ्या लाभाची न्याय्य व समन्यायी वाटणी’ असे त्यास म्हणतात. व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर एवढे नाव छापले तर निम्मे श्रोते वाटेतूनच माघारी फिरतील. म्हणून तोच प्रश्न आम्ही बाजारच्या भाषेत विचारतो : वाण कोणाचे, आणि त्यावर झालेल्या नफ्यातला वाटा कोणाला?

आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे आणि वकीलही नव्हे. शाळा लवकर सुटली. कायदे वाचावयास शिकलो ते मजुरी बुडालेल्या माणसांचे अर्ज लिहिता लिहिता. मजुरांच्या संघटनेत तीस वर्षे घालविल्यावर माणसाला एक खोड लागते. कोणताही व्यवहार समोर आला की तो तीन गोष्टी विचारतो : कष्ट कोणाचे, नोंद कोणाच्या नावाची, आणि पैसा कोणाच्या हाती? हेच तीन प्रश्न बियाण्याला आणि झाडपाल्याला लावले, तर या अवघड विषयाची गाठ पुष्कळ सैल होते, असा आमचा अनुभव आहे.

खोडाळा हे मोखाडा तालुक्यातील बाजाराचे गाव. कसाऱ्याहून विहीगाववरून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. आजूबाजूस सूर्यमाळचा उंच डोंगराळ मुलूख, उतारावरची वरकस जमीन, आणि पाड्यापाड्यांतून राहणारे वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून हा भाग पालघरात मोडतो. पाऊस धो धो पडतो, वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागविते, आणि चैत्र-वैशाखात येथील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. दिवाळी झाली की बायकापोरांसह माणसे वीटभट्ट्यांवर निघतात. वर्तमानपत्रांत जव्हार-मोखाड्याचे नाव येते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. तेव्हा शहरातील सुशिक्षित माणसाची समजूत अशी की या लोकांना द्यावयाचे असते, त्यांच्यापाशी घेण्याजोगे काही नाही.

ही समजूत तपासून पाहू. एकादशीला आपल्या घरी जी भगर शिजते ती म्हणजे वरई. ती अशाच डोंगरउतारांवर पिकते. डॉक्टर ज्या नाचणीचे सत्त्व लहान मुलांस व मधुमेह्यांस सुचवितात तीच येथली नागली. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि कालपर्यंत ‘गरिबाचे धान्य’ म्हणून नाक मुरडले जात होते त्याची बिस्किटे रंगीत वेष्टनांत शहरभर झळकू लागली. धान्य तेच, केवळ त्याची किंमत जगाला उशिरा कळली. पण ज्या बायकांनी हे वाण पिढ्यान्‌पिढ्या कणगीत जपले त्यांना ती किंमत कळविण्यास कोणी आले नाही.

आता ‘वाण’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण साऱ्या कायद्याचा पाया तेथे आहे. आमच्याकडे नुसती नागली किंवा नुसते भात कोणी पेरीत नाही. हळवे, निमगरवे आणि गरवे असे त्यांचे प्रकार असतात. हळवे लवकर पिकते, गरवे उशिरा. उथळ माळावर पाणी लवकर ओसरते, तेथे हळवे लावावयाचे. खाचरात ओल टिकते, तेथे गरवे. भातांत राजगुड्या, कसबई, डांगी अशी नावे अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. एखादे वाण वाऱ्याने लोळत नाही, एखादे कमी पावसात तग धरते, एखाद्याचा पेंढा छपराला चांगला, एखाद्याची पेज बाळंतिणीला मानवते. हे गुण आकाशातून पडलेले नाहीत. सुगीच्या वेळी घरची बाई उभ्या पिकातून फिरते, भरलेली लोंबी किंवा कणीस निवडते, ते वेगळे बांधते, राख घालून मडक्यात ठेवते, आणि पुढल्या मृगात तेच पेरते. असे दरसाल शंभर, दोनशे, पाचशे वर्षे चालले म्हणजे एक वाण तयार होते. शास्त्रज्ञ याला निवडपद्धतीने केलेली पैदास म्हणतात. पगारी माणसाने प्रयोगशाळेत केली तर ती संशोधन ठरते, आणि बिनपगारी बाईने शेतात केली तर तिला ‘परंपरा’ असे गोड नाव मिळते!

दाण्याच्या पोटात हे जे गुण पिढीजात उतरतात त्यांनाच अनुवंश-संपत्ती म्हणावयाचे. तिचे मोल किती, याचे एक उदाहरण घ्या. १९६६ साली फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-८’ हे बुटके, भरघोस वाण दिले. त्याचा बुटकेपणा आला तैवानच्या शेतकऱ्यांच्या एका जुन्या भातातून. पुढे आशियातील भातावर खुजेपणाचा एक विषाणू पसरला. त्याला तोंड देणारा गुण शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी सहा हजारांवर नमुने तपासले. तो गुण सापडला भारतातून गेलेल्या जंगली भाताच्या एका नमुन्यात. तो मिसळून जे वाण झाले ते कोट्यवधी एकरांवर पेरले गेले. ज्या माळावरचे ते रानटी भात, त्या माळाच्या गावाला याचा पत्ताही नाही. एखादे वाण नष्ट होऊ देणे म्हणजे न उघडलेले पत्र चुलीत घालण्यासारखे आहे. त्यात काय लिहिले होते ते पुन्हा कधीच कळावयाचे नाही.

ही संपत्ती गावाबाहेर जाते ती दोन वाटांनी. एक वाट प्रत्यक्ष वस्तूची : बी, मूळ, साल, पाने. दुसरी वाट ज्ञानाची : हे पान कशाला चालते, कोणत्या महिन्यात काढावे, किती द्यावे. दुसरी वाट अधिक फसवी, कारण तिला पोते लागत नाही. भगत किंवा सुईण आलेल्या पाहुण्याशी चार गोष्टी बोलते, पाहुणा त्या वहीत टिपून घेतो, आणि वीस वर्षांत सापडले नसते ते त्याला एका दुपारी सापडते.

सह्याद्रीच्या माथ्यावर नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. १९६६ साली हे द्रव्य अमेरिकेत एका चिनी झाडातून प्रथम वेगळे केले गेले, आणि १९७२ साली ते आपल्या नरक्यातही असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले. त्यापासून बनलेली औषधे आज कर्करोगावर जगभर दिली जातात. इकडे काय झाले? कोकणात व घाटमाथ्यावर नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. झाड तोडणाऱ्याला दिवसाची मजुरी, आणि पकडला गेला तर खटलाही त्याच्यावरच. औषधाच्या किमतीशी त्या मजुरीची तुलना करण्याइतके गणित कोणीही जाणतो.

ज्ञानाच्या वाटेचे उदाहरण हळदीचे. जखमेवर हळद दाबावी हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला याच गोष्टीचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. मुंबईच्या चाळीत गरिबीत वाढलेला हा माणूस. त्यांच्या पुढाकाराने परिषदेने जुने ग्रंथ व छापील लेख पुरावा म्हणून पुढे केले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. या विजयाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्यात एक धडा आहे तोही ध्यानात घ्यावा. हळदीचा दावा जिंकला तो छापील कागद होते म्हणून. मोखाड्याच्या सुईणीचे ज्ञान कोठे छापले आहे? न्यायाच्या दरबारात तोंडी परंपरेला साक्षीदार मिळत नाही. आमच्या मजुरांच्या बाबतीतही असेच घडते. वर्षभर राबलेला माणूस मस्टरवर नाव नसेल तर कामावर नव्हताच असे ठरते.

आपल्या देशातल्या देशातही हे होते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक दलित शेतकरी होते. १९८३ साली त्यांना आपल्या शेतातील भातात पिवळसर दाण्याच्या निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून त्यांनी वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक, चवदार तांदळाचे वाण सिद्ध केले. त्या काळी मनगटावर जे लोकप्रिय घड्याळ होते त्याच्या नावावरून बाजाराने त्याला ‘एचएमटी’ म्हटले. ते अनेक राज्यांत पसरले. कृषी विद्यापीठाच्या केंद्रात बी गेले, आणि पुढे तेथून ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाचे वाण बाहेर पडले. श्रेय कोणाचे यावर पुष्कळ वाद झाला. दादाजींना मानसन्मान मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला; पण लाखो एकरांवर पिकलेल्या त्या तांदळाचा रीतसर वाटा म्हणून त्यांच्या घरी काही आले नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हा उपचारांच्या खर्चाचीही विवंचना होती. सत्कार हा वाट्याला पर्याय होऊ शकत नाही. शाल-नारळाने चूल पेटत नाही, हे आम्ही संघटनेत नेहमी सांगतो.

आता कायद्याकडे वळू. एके काळी जगात असा रिवाज होता की वाण हा साऱ्या मानवजातीचा समाईक ठेवा, ज्याला हवा त्याने न्यावा. ऐकावयास हे फार उदात्त वाटते. पण त्या रिवाजात एक पेच होता. बी नेताना ते समाईक, आणि त्यातून तयार केलेला माल परत येताना तो मात्र खाजगी व पेटंटाने बांधलेला. म्हणून १९९२ साली रिओ येथे जैविक विविधतेचा करार झाला. त्याने सांगितले की जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा अधिकार आहे. ती घ्यावयाची तर आधी समजावून संमती घ्या, अटी ठरवा आणि लाभात वाटा द्या. २०१० साली जपानमधील नागोया येथे याच वाट्याविषयी निराळा मसुदा मंजूर झाला, आणि तो २०१४ पासून अमलात आला. आपल्या संसदेने २००२ सालीच जैविक विविधता कायदा केला होता.

या कायद्याची इमारत तीन मजली आहे. वरचा मजला चेन्नईचे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण. परदेशी माणसाला किंवा कंपनीला येथली जैविक वस्तू वा तत्संबंधीचे ज्ञान हवे असेल तर त्याची परवानगी लागते, आणि अशा वस्तूवरच्या शोधाचे पेटंट घ्यावयाचे तरी त्याच्याशी गाठ असते. मधला मजला राज्याचे मंडळ. महाराष्ट्राचे मंडळ २०१२ साली नागपुरास स्थापन झाले. देशी कंपनीने व्यापारी उपयोगासाठी वस्तू घेतली तर तिने या मंडळाला कळवावयाचे. तळमजला म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायतीची व नगरपालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००४ च्या नियमांनी तिच्यात एक अध्यक्ष व सहा सदस्य सांगितले, त्यांत निदान एकतृतीयांश स्त्रिया. या समितीने गावची लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची : कोणती वाणे, कोणती झाडे, कोणते प्राणी, आणि कोणाला कशाची माहिती. वरच्या दोन्ही मजल्यांनी निर्णय घेताना या समितीचे मत विचारावे असे कायदा म्हणतो.

वाटा किती? आकड्यांवाचून अशा गोष्टी हवेत राहतात, म्हणून एक कल्पित उदाहरण मांडतो. समजा, रानातल्या वनस्पतीपासून केसांचे तेल करणारा एक देशी कारखाना आहे आणि त्याची वर्षाची विक्री १० कोटी रुपयांची आहे. २०१४ च्या विनियमांत विक्रीवर वाट्याचे दर ०.१ टक्क्यापासून ०.५ टक्क्यापर्यंत होते. ३ कोटींवरच्या विक्रीला ०.५ टक्के, म्हणजे या कारखान्याकडून वर्षाला ५ लाख रुपये. त्यातील ५ टक्के मंडळाने ठेवून उरलेले पावणेपाच लाख समितीला किंवा हक्कदारांना जावयाचे. २०२५ साली नवे विनियम आले. त्यांनी ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला वाटाच माफ केला, आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ०.२ टक्के दर ठेवला. म्हणजे तोच कारखाना आता ५ लाखांऐवजी २ लाख देईल. शंभर रुपयांच्या तेलाच्या बाटलीमागे वीस पैसे! इतक्याने कोणता उद्योग बुडतो, आणि इतक्यासाठी एवढी कुरकूर का, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

कुरकूर तर झालीच. एका प्रसिद्ध औषध कंपनीने, दिव्य फार्मसीने, उत्तराखंडच्या उच्च न्यायालयात असा वाद घातला की वाटा द्यावयाचा तो परदेशी कंपन्यांनी; आम्ही देशी आहोत. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तो नाकारला. रानाजवळच्या लोकांचा हक्क घेणारा देशी आहे की विदेशी यावरून बदलत नाही, असा त्या निकालाचा आशय. आम्हांस हा निकाल फार मोलाचा वाटतो. सावकार आपल्या गावचा असला म्हणून व्याज गोड होत नाही. परंतु २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे. तिने ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना मोकळीक दिली. पूर्वी या कायद्याच्या भंगाला तुरुंगवास होता, आता तो गेला. १ लाखापासून ५० लाखांपर्यंतचा दंड आला, आणि भंग चालूच राहिला तर त्याहून अधिक.

या दुरुस्तीच्या बाजूनेही काही बोलले जाते, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गावोगावचे वैद्य व लहान औषधवाले परवानग्यांच्या जंजाळात अडकू नयेत. शेतकऱ्याने मुसळी लावली तर त्याला विकताना अडथळा येऊ नये. लागवड वाढली तर रानावरचा भार हलका होईल. यात तथ्य आहे. मूळ कायद्यानेही स्थानिक लोकांना आणि वैद्य-हकिमांना मोकळे ठेवले होतेच. पण ‘ग्रंथातले ज्ञान सर्वांचे’ या म्हणण्यापाशी आम्ही थबकतो. ग्रंथात ते आले कोठून? चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ व रानात राहणारे लोक जाणतात. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅमला छापविला. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांचे दाखले त्याने त्यांच्या त्यांच्या लिपीत, त्यांच्या नावानिशी छापले. तीनशे वर्षांपूर्वीच्या परकीय सत्ताधाऱ्याला सांगणाऱ्याचे नाव छापण्याची बुद्धी झाली. आपल्याला एवढे तरी जमावे!

वाटणी प्रत्यक्षात कशी होते हे पाहावयाचे तर केरळात जावे लागेल. १९८७ साली अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांबरोबर काणी जमातीचे वाटाडे होते. चढाव दमविणारा, पण वाटाडे थकत नव्हते. ते कसली तरी फळे चघळीत होते. ती ‘आरोग्यपच्चा’ नावाच्या वनस्पतीची. तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाने तीवरून ‘जीवनी’ नावाचे औषध केले आणि १९९५ साली १० लाख रुपये व विक्रीवर २ टक्के या बोलीने ते एका आयुर्वेदिक कारखान्यास दिले. यातील निम्मा भाग काणी लोकांना द्यावयाचे ठरले, आणि त्यासाठी १९९७ साली त्यांचा न्यास स्थापन झाला. त्या वेळी असा वाटा जगात नवलाचा होता. तथापि पुढची हकिगतही सांगितली पाहिजे. रान वनखात्याचे, त्यामुळे काणींना ती पाने गोळा करण्यास व लावण्यास मोकळीक मिळेना. जमातीतल्या सर्वांना विचारले होते का, यावरही मतभेद झाले. तात्पर्य असे की वाट्याचा करार झाला तरी जमिनीवर हक्क नसेल आणि निर्णयात सगळे नसतील, तर करार लंगडतो.

जमिनीच्या हक्काबाबत जव्हार-मोखाडा काणींहून भाग्यवान म्हणावयाचा. हा पाचव्या अनुसूचीतील मुलूख. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेस दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर स्पष्टच म्हटले आहे की जैवविविधता मिळविण्याचा आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क वनवासी समाजाचा आहे. बियाण्यापुरता २००१ चा आणखी एक कायदा आहे. शेतकऱ्याने आपले बी राखावे, पेरावे, वाटावे, विकावे, याला त्यात संरक्षण आहे. मात्र दुसऱ्याच्या छापाखाली ते विकता येत नाही. शेतकऱ्याला किंवा गावाला आपले वाण स्वतःच्या नावाने नोंदविता येते, आणि त्या वाणापासून कोणी नवे वाण काढले तर वाटाही मागता येतो. म्हणजे हत्यारे पुष्कळ आहेत. धार लावावयाची राहिली आहे.

कोठे अडते ते सांगतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे एक तक्रार गेली होती की बहुतेक गावांत समित्या नाहीत, नोंदवह्या नाहीत. त्याने जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली. मग देशभर घाईघाईने समित्या झाल्या व वह्या भरल्या. आम्ही एका गावी अशी वही पाहावयास मागितली. ती कपाटात कुलूपबंद होती. उघडून पाहिली तो तिच्यात त्या डोंगरात कधी न उगवलेली झाडे होती, आणि ज्या भाज्या तेथील बाया दर पावसाळ्यात विकतात त्या नव्हत्या. समितीतल्या दोघी सदस्यांना आपण सदस्य असल्याचे आम्हीच प्रथम सांगितले. ही वही म्हणजे रोजगार हमीचे खोटे मस्टर! खोट्या मस्टरवर ज्याप्रमाणे भलत्याचीच मजुरी निघते, त्याप्रमाणे खोट्या वहीवर उद्या भलत्याचाच वाटा निघेल.

तेव्हा खरी वही कशी करावी? आमची सूचना साधी आहे. पंचायतीच्या कचेरीत बसून ती होत नाही. पाड्यावर, सुगीच्या वेळी, बायकांच्या बैठकीत ती करावी. शेवळे, करटोली, कुर्डू, टाकळा काढणारी बाई आणि कंद ओळखणारा कातकरी हे तिचे खरे लेखक. कातकऱ्याला बहुधा जमीन नसते, म्हणून समितीतही जागा नसते. पण रानाचे ज्ञान त्याच्यापाशी सर्वांत अधिक. दुसरे, सगळेच वहीत लिहू नये. औषधाची कृती व प्रमाण यांसारखी गोष्ट उघड्या वहीत टाकणे म्हणजे घराची किल्ली चव्हाट्यावर टांगणे. काय लिहावे, काय झाकून ठेवावे, हे ग्रामसभेने ठरवावे. तिसरे, गावातून जो माल जातो त्याची पावती ठेवावी : कोणता, किती, कोणाला. शेजारच्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकण्याचा उद्योग उभा केला, आणि दलालाला मध्ये न घेता भाव ठरविता येतो हे दाखविले. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. गुळवेलीचा भाव ही कष्टाची मजुरी झाली. लाभातला वाटा ही निराळी बाब, आणि एक दिली म्हणून दुसरी फिटत नाही.

काही सज्जन आम्हांस विचारतात की बी देण्याघेण्याची जुनी उदार चाल तुम्ही पैशाने बाटवीत नाही काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या पाड्यांत शेजारणीला बी नाही म्हणणे हे पाप मानतात. ते तसेच राहावे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी शेकडो गावठी वाणांचे बी जमविले, बायकांना वाटले, आणि पद्मश्रीच्या मानकरी झाल्या. जव्हारच्या भागातही बायफ संस्थेने गावकऱ्यांबरोबर भाताची व नागलीची जुनी वाणे गोळा करून जपण्याचे काम केले आहे. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोशाला मंजुरी दिली, त्यातही स्थानिक पिकांच्या वाणांना स्थान आहे. हे सारे चांगलेच. शेजारणीकडून घेतलेले बी पुढल्या सुगीला परत येते, आणि बरोबर थोडे जास्तही येते. वाट्याचा कायदा मागतो तो याच रीतीचा मान. जो घेतो पण परत करीत नाही, त्याच्याशीच हिशेब मांडावयाचा.

या जिल्ह्याला हिशेब मांडणे नवे नाही. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठबिगार झुगारली, आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये असा दर मागितला. तेव्हाही पुष्कळांना वाटले की गवत तर रानात आपोआप उगवते, त्याचा दर कसला? वारल्यांचे उत्तर असे की गवत आपोआप उगवते, पण ते आपोआप कापले जात नाही. आज आम्ही त्याच उत्तराची पुढची ओळ सांगत आहोत. वाण आपोआप उगवत नाही, आणि आपोआप टिकतही नाही. राजगुड्याचे बी टिकविण्यासाठी कोणाला तरी कमी उत्पन्न सोसावे लागते, रान जपण्यासाठी कोणाला तरी कुऱ्हाड आवरावी लागते. त्याची भरपाई झाली नाही तर पुढली पिढी वीटभट्टीवर जाईल, आणि कणगी रिकामी राहील.

शहरवासीयांनी यात काय करावे? आपल्या नगरपालिकेची जैवविविधता समिती आहे की नाही, तिची वही कोठे आहे, हे एकदा विचारावे. नाचणीचे पीठ घेताना ते कोणत्या तालुक्याचे, याची चौकशी दुकानदाराकडे करावी. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो मालधन्याला विचारू लागतो. जे शिक्षक, डॉक्टर, संशोधक रानात माहितीसाठी जातात त्यांनी सांगणाऱ्याचे नाव विचारून, त्याच्या संमतीने लिहावे, आणि लिहिलेल्याची प्रत ग्रामसभेला द्यावी. आणि ज्यांना कायद्याचे इंग्रजी वाचता येते त्यांनी खोडाळ्यासारख्या गावी एक दिवस येऊन तो मराठीत समजावून सांगावा. जेवणाची सोय आम्ही करू. नागलीची भाकर आणि रानभाजी.